दुसऱ्याच्या रांगेतले आबा

“तू बैस, मी शे ना.”

असं म्हणायचं, पायातल्या चपला काढायच्या आणि दुसऱ्याच्या जागी रांगेत ठेवून द्यायच्या. आबा आठवले की मला आधी त्या चपला आठवतात. टाचेला झिजलेल्या, केळीच्या चिकानं काळ्या पडलेल्या.

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. रेशनची रांग, बँकेतली पेन्शनची रांग, दवाखान्यातला नंबर. ज्याला उभं राहायचा कंटाळा, त्याच्या जागी आबा उभे. “मी शे ना” म्हणजे मी आहे ना. घरात मीसुद्धा अहिराणीच बोलते, पण लिहायला बसले की शाळेतली भाषा येते. आबांचं बोलणं मात्र आहे तसंच ठेवते. ते शुद्ध केलं तर ते आबा राहणार नाहीत.

त्यांची बायको माझ्या माहेरच्या गावची, म्हणून ते मला अक्का म्हणायचे. ती म्हणायची, “गावाच्या रांगांत उभे राहतात, पण घरचा माठ भरा म्हटलं की दिसेनासे होतात.” खोटं नव्हतं ते.

काम केळीच्या कापणीचं. टोळीचे मुकादम होते. घडाखाली उभं राहायचं, मान वर करून बघायचं, एक केळं बोटानं दाबायचं आणि म्हणायचं, “भरनं नही अजून.” मग पुढच्या झाडाकडे. तीच सवय माणसांवर चालायची. भेटेल त्याचा दंड दाबून बघायचे. माझ्या घरवाल्यांना गाव नाना म्हणतं. त्यांच्या पोटात बोट खुपसून आबा म्हणायचे, “नाना, तुम्ही भरनात आते. कापाले हरकत नही.” आणि दोघं म्हातारे पोरांसारखे हसत बसायचे.

आमच्याकडे कुणी गेलं की दारावर जातात, म्हणजे त्या घरच्यांना भेटायला. एकदा बोदवडला नानांच्या मामाकडचं कुणी गेलं. नानांना ताप होता. आबा म्हणाले, मी शे ना, आणि गेले. तिथं इतके रडले की घरची माणसं त्यांचीच समजूत घालायला लागली. कुणीतरी विचारलं, तुम्ही कोण? हा माणूस म्हणाला, “मी नाना.” पुढं महिन्याभरानं नाना स्वतः बोदवडला भेटायला गेले, तर दारातली म्हातारी म्हणाली, “नाना तर येऊन गेले. किती रडले बिचारे! तुम्ही कोण?”

आम्ही हे कितीदा सांगून हसलो. आता मी सांगत नाही.

मग रेशनला अंगठ्याचं मशीन आलं. आबा त्या मशीनसमोर उभे राहून फार नाराज झाले होते. “आते ज्याना त्यालेच अंगठा लागस,” म्हणाले. “मग माणूस माणसाना कामले कसा पडी?”

मी म्हटलं, “पडू नका. घरी बसा.”

आमच्या गावात दर साली म्हाताऱ्या पुरुषांसाठी तपासणीचं शिबिर भरतं. रक्तदाब बघतात, साखर बघतात आणि त्याच रक्तातून पुरुषांच्या त्या गाठीची, प्रोस्टेटची तपासणी करतात. त्या गाठीचं नाव काढलं की आमचे म्हातारे इकडेतिकडे बघतात. रात्रीतून दहा वेळा उठतील, पण डॉक्टरला सांगणार नाहीत. शिबिर आलं की परीक्षा असल्यासारखे वागतात. आधी काही दिवस गोड सोडतात, कारल्याचा रस पितात, म्हणजे आकडा चांगला यावा. मी एकाला विचारलं, “शिबिर उठलं की मग काय करतोस?” तर म्हणाला, “मग जिलबी.” आपलंच रक्त, आपणच त्याला फसवायचं. असली हुशारी पुरुषांनाच सुचते.

ह्या सगळ्यांना घराघरातून उठवून नेणारे आबाच. त्यांच्यामुळं गावातले कितीतरी जण सुईखाली गेले. कुणाची साखर सापडली, कुणाचा दाब सापडला. वेळेवर गोळ्या सुरू झाल्या म्हणून ती माणसं आज पारावर बसून मला नावं ठेवतात. ते श्रेय आबांचं, मी काढून घेत नाही.

मी जी गोष्ट सांगतेय तिच्या आदल्या साली गावात एक चमत्कार झाला होता. आमच्या किराणा दुकानदाराचा, शेठचा, शिबिरातला रिपोर्ट वाईट आला. त्या गाठीचा आकडा फार वाढलेला. शेठचं घराणं राजस्थानातलं, पण तीन पिढ्या ह्याच गावात गेल्या. घरात रडारड झाली. त्यांना धुळ्याला नातेवाइकांकडे नेलं. तिथं कुणी एक कडू काढा दिला. थोड्या दिवसांनी धुळ्यातच पुन्हा रक्त तपासलं, तर सगळं चांगलं! शेठच्या घरच्यांनी गावभर पेढे वाटले आणि काढ्याची कृतीही वाटली. मग काय, घराघरात काढा उकळायला लागला. नानांनी मलाही उकळायला लावला. अख्ख्या आळीला तो कडवट वास.

आबा रोज सकाळी आमच्याकडे यायचे आणि तो काढा मागून प्यायचे. नाना अर्धा पेला पिऊन तोंड वाकडं करायचे. आबा दोन पेले प्यायचे. “शेठले लागू व्हयना, आपले बी व्हई,” म्हणायचे, म्हणजे शेठला लागू झाला तसा आपल्यालाही होईल. मी म्हणायचे, “तुम्हाला काय झालंय की लागू व्हायला?” तर हसायचे.

ते हसणं मी नंतर फार वेळा आठवून बघितलं.

पुढच्या साली नानांची पाळी आली. नानांनी आजवर दर साली काहीतरी निमित्त काढून शिबिर चुकवलं होतं. माझा नवरा सापाला भीत नाही, सुईला भितो. लहानपणी टोचायला आलेल्या माणसाला बघून कपाशीत पळाले होते आणि संध्याकाळी सापडले होते, असं माझी सासू सांगायची. त्या साली मी ऐकलं नाही. म्हटलं, रक्त दिल्याशिवाय घरात पाय ठेवायचा नाही. आबा दारातच उभे होते. म्हणाले, “अक्का, तू चिंता करू नको. मी शे ना.”

दोघं उपाशीपोटी गेले, दोघं हसत आले. आबांची बाही वर सरकवलेली, कोपराच्या खोबणीत कापसाचा बोळा चिकटवलेला. नानांची बाही मनगटापर्यंत, गुंडी लावलेली.

“आबा, तुम्हीसुद्धा दिलं?”

“दिनं ना.”

मी कळण्याची, ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी आणि ठेचा वाढला. खाली बसताना आबांनी भिंत धरली. “पाठ धरनी, घड उचली उचली,” म्हणाले. मी दुसरी भाकरी टाकली. एवढंच.

रिपोर्टच्या आधी फोन आला. नानांना घेऊन या, घरचं कुणी सोबत आणा. चोपड्याच्या डॉक्टरनं मला समोर बसवून सांगितलं की आकडा फारच जास्त आहे, कॅन्सर असू शकतो, कदाचित पसरलेलाही असेल, जळगावला मोठ्या डॉक्टरला लगेच दाखवा. मी नानांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. दाराबाहेर आबा उभे होते. नाना त्यांच्याकडे बघत होते.

मला वाटलं, माणूस मरणाला भ्यायला की मित्राकडे बघतो.

घरी आल्यावर मी सगळं बंद केलं. तिखट बंद, तळण बंद. आणि हा माणूस दुसरी भाकरी मागायचा! कॅन्सर झालेल्या माणसाला अशी भूक लागते का? मी रात्रभर जागायचे, नाना घोरायचे. मला त्यांचा राग यायचा आणि राग आला म्हणून रडू यायचं.

आबांचं हसणं मात्र बंद झालं. रोज यायचे, ओट्यावर बसायचे आणि मलाच विचारायचे.

“अक्का, डॉक्टर काय बोलना? पसरस म्हणजे कुठे पसरस?”

“हाडात, म्हणाला.”

“पाठना हाडमा?”

“पाठीच्या, कमरेच्या. मला काय माहीत.”

“दुखस का मग? रातले दुखस?”

मी म्हटलं, “नानांना विचारा, दुखतंय का. मला का विचारता?” ते उठून गेले. मित्र असावा तर असा, असं मी सुनेला म्हटलंसुद्धा.

जळगावला जायचं नाना टाळत होते. म्हणे, शेतात कापणी चालू आहे, आबांची टोळी आहे, ती उरकू दे. मी भांडले, ताट आपटलं. आबाही मान खाली घालून म्हणाले, “एवढी कापणी व्हई जाऊ दे, अक्का.” मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला लावलेल्या केळीची कापणी संपेपर्यंत दोघांनी मला असंच थांबवून ठेवलं. शेवटी मी गाडी ठरवली आणि सांगितलं, उद्या सकाळी. आबा न सांगता येऊन पुढच्या सीटवर बसले.

जळगावच्या दवाखान्यात आधी पुन्हा रक्त घ्यायचं ठरलं. पहिला रिपोर्ट बरोबर होता का, ते बघायला. बाकावर आम्ही तिघं बसलो. मी बाटलीत पाणी भरायला गेले. परत येते तर नानांचं नाव पुकारून झालेलं. आत खुर्चीवर माणूस बसलेला. आणि नाना बाहेर बाकावरच.

मी नानांकडे बघितलं. बाहीची गुंडी लावलेली.

मी आत बघितलं. खुर्चीवर आबा. बाही वर, हात पुढं, दंडाला रबराची पट्टी. ती मुलगी त्यांना विचारत होती, “नाना ना तुम्ही?” आणि आबा म्हणत होते, “हां, हां.”

बाटली माझ्या हातातून पडली.

मी किती ओरडले, मला आठवत नाही. सगळा दवाखाना गोळा झाला. मी म्हणत होते, हे नाना नाहीत, हे नाना नाहीत. ती मुलगी सुई हातात धरून तशीच उभी. नाना बाहेर भिंतीला तोंड लावून रडत होते.

“आणि गावातलं?” मी विचारलं. “शिबिरातलं रक्त कुणाचं होतं?”

आबांनी हातावरची पट्टी स्वतःच सोडली. माझ्याकडे बघून म्हणाले, “रेशनले अंगठा लागस, अक्का. रगतले नही लागस.”

हसवायला म्हणाले. कुणी हसलं नाही.

मोठ्या डॉक्टरनं आम्हाला तिघांनाही आत घेतलं. तो चिडला होता, पण आबांची पाठ दाबून बघितल्यावर त्याचा आवाज खाली आला. आबांना विचारलं, “ह्याच्या आधी कधी तपासलं होतं?”

आबांनी वर केलेली बाही खाली घेतली. मग म्हणाले, “गये साल बी दिनथं. शेठना नाववर.”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. शेठांना दुकान सोडवत नव्हतं, म्हणून त्यांच्या जागी आबा. शेठचा वाईट आकडा तो आबांचा आकडा. धुळ्याला शेठ बरे झालेच नव्हते. धुळ्याला पहिल्यांदा शेठचं स्वतःचं रक्त निघालं, आणि ते पहिल्यापासूनच चांगलं होतं. आणि ज्याचं रक्त वाईट होतं तो रोज सकाळी माझ्या दारात येऊन काढा पीत होता. दोन दोन पेले.

डॉक्टर म्हणाला, “म्हणजे दोन वेळा आकडा वाढलेला आला, आणि तुम्ही एकदाही दाखवायला आला नाहीत?”

“मना नाववर कोठे उनथा, साहेब?”

माझ्या नावावर कुठे आला होता, हे ते भोळेपणानं म्हणाले की मुद्दाम, ते मला आजवर कळलं नाही. त्या दिवशी त्यांचं रक्त पहिल्यांदा त्यांच्या नावावर घेतलं. आकडा आणखी वाढला होता. दुखणं हाडात गेलं होतं. मागच्या साली आला असतात तर गोष्ट वेगळी होती, असं डॉक्टर म्हणाला आणि मान खाली घालून कागदावर लिहायला लागला.

संध्याकाळी गाडीनं परत निघालो. गाव जवळ आल्यावर मी विचारलं, “आबा, तुम्हाला कधी कळलं?”

“शेठना वखतले वाटनं, मशीन चुकनं. नानाना वखतले समजनं. दोनदाव कसं चुकी मशीन?”

“मग पुन्हा हात का पुढं केला आज?”

ते खिडकीतून बाहेर बघत होते. “म्हटलं, तिसरांदाव पाहू. चांगला उना तर कोणले सांगानं कामच नही.”

नानांना मी त्या आठवड्यात जेवायला वाढलं, पण त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना माहीत होतं. रिपोर्ट आला त्या क्षणी माहीत होतं की हे मरण आपलं नाही, आबांचं आहे. आबांनी त्यांना शपथ घातली होती म्हणे. शपथ घातली म्हणून एवढे दिवस गप्प? मी विचारलं, तर म्हणाले, “तो म्हणाला, मी बघतो. आजवर सगळं त्यानंच बघितलं.”

जळगावहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी शेठच्या दुकानावर गेले. गिऱ्हाइकं होती, असू देत.

“शेठ, तुमचं रक्त आबांनी दिलं होतं?”

त्यांच्या हातातलं माप तसंच राहिलं. मग हळूच म्हणाले, “अक्का, मला वाटलं मशीन चुकलं. आबा घोड्यासारखा पळतो, त्याला काय होणार? मी सांगितलं होतं त्याला, हसत हसत. तोही हसला.”

“आणि काढा?”

“घरच्यांना काय सांगणार होतो? रक्त मी दिलंच नाही म्हणून?”

साखर घ्यायला गेले होते, न घेता परत आले. गावात काढा उकळणं त्यानंतर बंद झालं. कुणी कुणाला सांगितलं नाही, पण बंद झालं.

आबांना जळगावला इंजेक्शनं सुरू झाली. प्रत्येक वेळी नाना सोबत जायचे. सुईच्या खोलीबाहेर थांबायचे आधी, मग आत जायला लागले. एकदा मीही होते. नर्स सुई भरत होती. नाना, माझा नवरा, कपाशीत लपलेला माणूस, आपली बाही वर करत म्हणाला, “आबा, आजची मी घेतो.”

नर्स हसली. आबा हसले नाहीत. नानांची बाही त्यांनी खाली ओढली आणि गुंडी लावून दिली. “नही चालत रे आते,” म्हणाले. “आते ज्याना त्यालेच लागस.”

कांदेबागेचे, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाला लावलेल्या केळीचे घड कापायला आले तेव्हा आबा उठू शकत नव्हते. खाटेवरूनच टोळीतल्या माणसांना विचारायचे, भरनं का? मी एकदा शेतातून एक केळं नेऊन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी दाबून बघितलं. बराच वेळ हातात धरून ठेवलं, पण भरलं की नाही ते सांगितलं नाही. त्याच आठवड्यात गेले.

त्यांच्या दारावर सगळं गाव आलं. चोपड्याचे आले, सावद्याचे केळीचे व्यापारी आले. कुणी कुणाच्या तर्फे आलं नाही, ज्याचा तो आला. शेठ सगळ्यांत मागं बसले होते. मी त्यांना पाणी दिलं. बोलले नाही.

काही दिवसांनी नानांच्या मोबाइलवर फोन आला. शिबिरवाली मुलगी होती. फार अदबीनं बोलत होती. मागच्या शिबिरात नानांचा आकडा खूप वाढलेला होता, पुढं उपचार सुरू आहेत ना? नानांनी फोन माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, “ज्याचं रक्त होतं तो माणूस गेला.”

“अरेरे! सॉरी आजी,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

नंतर माझ्या लक्षात आलं, तिच्याकडे तर नावावर नानाच आहेत. तिच्या लेखी नाना गेले.

तसंच झालं होतं. ह्या साली शिबिराच्या आधी सगळ्या म्हाताऱ्यांना फोन आले, नानांना आला नाही. त्यांना उठवायला दारात कुणी आलं नाही. पोरं मंडप घालत होती, आणि नाना अंगणात बसून बघत होते. मी काही म्हटलं नाही. सकाळी बघते तर अंघोळ करून, काही न खाता, अर्ध्या बाहीचा सदरा घालून उभे. मी मागोमाग गेले.

रांग बरीच होती. नाना शेवटी उभे राहिले. चपला काढून ठेवल्या नाहीत, स्वतः उभे राहिले. त्यांचा नंबर आला तेव्हा त्या मुलीनं नाव विचारलं, कॉम्प्युटरवर बघितलं आणि वर बघितलं.

“आजोबा, हे तर वारले. तुम्ही कोणाच्या बदली आलात?”

मागं उभे असलेल्यांनी माना खाली घातल्या. गावात सगळ्यांना माहीत होतं.

“कोणाच्या नाही,” नाना म्हणाले. “माझंच द्यायचं राहिलंय.”

त्यांनी हात पुढं केला. मी जवळ जाऊन उभी राहिले आणि माझा हात त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो घेतला नाही. डोळे घट्ट मिटून, सुई आत जाऊन बाहेर येईपर्यंत, शेजारच्या रिकाम्या खुर्चीचा हात धरून बसले.